एस्पेरांतो सगळ्यांना सारखीच सोपी?
एस्पेरांतो ही वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम रचलेली भाषा. ‘एस्पेरांतोत जगातल्या सगळ्या भाषांचे शब्द सारखेच घेतलेत, म्हणून ती सगळ्यांना सारखीच सोपी,’ हा मजकूर नाशिककरांच्या ग्रुपवरही फिरत असतो. तसं नाही. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या या भाषेचा शब्दसाठा मुख्यतः युरोपीय आहे. कुठलाही एस्पेरांतो कोश उघडून पाहा: पाणी ‘आक्वो’, दिवस ‘तागो’, पक्षी ‘बिर्दो’. कॉलेज रोडवरचा इंग्रजी शिकलेला मुलगा ‘बिर्दो’ ओळखेल. फक्त मराठी येणाऱ्या निफाडच्या आजींना यातलं काहीच ओळखीचं वाटणार नाही.

सोपेपणा खरा आहे, पण तो व्याकरणात. सामान्यनाम मूळ रूपात ‘ओ’कारान्त, विशेषण ‘आ’कारान्त. ‘बोना’ चांगला, ‘माल्बोना’ वाईट: एका ‘माल’मुळे कितीतरी विरुद्धार्थी शब्द वेगळे पाठ करावे लागत नाहीत, आणि हा फायदा आजींनाही मिळतो.