कोल्हापूरची गादी आणि लोकमत

संस्थान विलीन झाल्यानंतरही कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याविषयी टिकून राहिलेला लोकांचा आदर आणि निवडणुकीच्या राजकारणातील त्याचे स्थान हा या लेखाचा विषय. भारतातील राजेपदे व तनखे 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने संपले; कोल्हापुरात मात्र ‘महाराज’ हे संबोधन आजही रोजच्या बोलण्यात आहे.

या आदराचे मूळ मुख्यतः राजर्षी शाहू महाराजांच्या (1874–1922) कारभारात आहे. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागचे कुस्ती मैदान ही त्यांची कामे लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. पुढच्या पिढ्यांना मिळणारा मान बराचसा याच पुण्याईवरचा.

तरीही गादीपुढे गप्प बसणे हा इथला स्वभाव नव्हे. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने संस्थानातच जबाबदार राज्यपद्धतीसाठी लढा दिला. 1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजसत्ता गेल्यावरही 1962 च्या दत्तकविधानावरून, म्हणजे शहाजी महाराजांनी आताचे शाहू छत्रपती यांना गादीचे वारस म्हणून दत्तक घेतल्यावरून, शहर पेटले. वारस कोण हे आम्हालाही विचारा, असाच त्या रोषाचा सूर होता. पुढे 1967 मध्ये राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या पत्नी विजयमाला राणीसाहेब हातकणंगल्यातून खासदार झाल्या, त्याही शेतकरी कामगार पक्षाच्या!

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींच्या हस्ते शमीपूजन होते. पूजा आटोपताच सोने लुटायला एकच झुंबड उडते आणि महाराजांना सोने देण्यासाठी लोक गाडीभोवती गर्दी करतात. त्यात सर्व पक्षांचे लोक असतात. मतपेटीचा हिशेब मात्र वेगळा. 2009 च्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादीचे उमेदवार, घराण्यातील संभाजीराजे यांचा अपक्ष सदाशिवराव मंडलिक यांनी पराभव केला. 2024 मध्ये संभाजीराजांचे वडील शाहू छत्रपती काँग्रेसकडून उभे राहिले, समोर सदाशिवरावांचे पुत्र संजय मंडलिक. ‘मान गादीला, मत मोदीला’ ही महायुतीची घोषणा. ‘मानही गादीला, मतही गादीला’ हे तिला मिळालेले उत्तर. प्रचारात दत्तकाचा जुना विषय मंडलिकांनी पुन्हा काढला, तो त्यांच्याच अंगाशी आला असे मानले जाते. शाहू छत्रपती दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत घराण्यातील मधुरिमाराजे यांनी कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसची उमेदवारी शेवटच्या क्षणी मागे घेतली आणि ज्यांनी त्यांच्यासाठी कंबर कसली होती, त्या कार्यकर्त्यांची नाराजी लपून राहिली नाही.