बालकांतील श्वासकष्ट : विरळ कारणांचे निदान

पाच वर्षांखालील मुलांना धाप लागण्यामागे बहुधा विषाणुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा बालदमा असतो. औषधाच्या वाफेला (नेब्युलायझर) दाद न देणारी, तापाशिवाय अचानक सुरू झालेली किंवा दर वेळी छातीच्या एकाच बाजूला दोष दाखवणारी धाप असल्यास इतर कारणे शोधावी लागतात.

मूल शांत असताना, छाती उघडी करून पूर्ण 60 सेकंद श्वास मोजतात. रडताना मोजलेला आकडा फसवा असतो. 2 महिन्यांखाली मिनिटाला 60, 2 ते 11 महिने 50 व 1 ते 5 वर्षे 40 किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन. श्वास घेताना येणारा कर्कश आवाज बहुधा स्वरयंत्राजवळचा अडथळा सुचवतो, तर सोडताना येणारी शिट्टी छातीतल्या नळ्यांचा. दोन्ही वेळा आवाज येत असेल, तर श्वासनलिका एखाद्या जागी कायमची अरुंद असण्याचा संशय घेतात. तान्ह्या बाळात असा आवाज दूध पिताना वाढला, तर महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) विकृत कड्याने श्वासनलिका आवळलेली असू शकते.

सर्वाधिक निसटणारे कारण म्हणजे श्वासनलिकेत अडकलेली वस्तू, बहुधा शेंगदाणा. ‘खाताना किंवा खेळताना जोराचा ठसका लागला होता का?’ हे मुद्दाम विचारावे लागते, कारण ठसक्यानंतर मूल काही तास, कधी काही आठवडेही ठीक दिसते आणि पालक तो प्रसंग विसरतात. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती त्याच्यापुढे कोंडलेली हवा, आणि तीही श्वास सोडतानाच्या चित्रात अधिक स्पष्ट. लहान मूल सांगून श्वास सोडत नाही, म्हणून त्याला कुशीवर झोपवून चित्र घेतात : खालचे फुप्फुस एरवी आकसते, कोंडलेले फुगलेलेच राहते. एक्स-रे निर्दोष असला तरी ठसक्याची हकीकत पक्की असल्यास भूल देऊन दुर्बिणीने श्वासनलिका आतून पाहणे टाळू नये.

कधी फुप्फुसे निर्दोष असतात. श्वास जलद आणि खोल, पण बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, छातीत आवाजही नाही. अशा वेळी रक्तातील आम्ल वाढल्याचा संशय घेऊन रक्तशर्करा ताबडतोब तपासावी. मधुमेहातील ही धाप न्यूमोनिया समजली गेली, तर मोलाचे तास वाया जातात. दूध पिताना घाम, नाडीची अति जलद गती व वाढलेले यकृत ही लक्षणे हृदयाकडे लक्ष वेधतात.

उताणे झोपवताच धाप वाढत असेल, तर छातीच्या मध्यभागी गाठ असू शकते. अशा मुलाला स्कॅनसाठीही झोपेचे औषध देणे धोक्याचे असते : स्नायू सैल पडताच गाठीचा भार श्वासनलिकेवर येतो.