चुंबक न चिकटणारा व्हॉल्व्ह

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये मारुती ८००चं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून ठेवलं होतं. गाडी माझ्या मित्राची. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, तीन सिलिंडर आणि सहा व्हॉल्व्हची. पुढे कधीतरी तिला सीएनजीचं किट बसवलेलं. पिकअप गेला होता, चढाला गाडी दम टाकत होती. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज लावलं तर मधल्या सिलिंडरचा काटा बाकीच्या दोघांच्या निम्म्यावरच थांबला. हेड उलटं केल्यावर कारण समोर आलं. त्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला खाच पडली होती, उंदराने भाकरीची कड कुरतडावी तशी.

नवे व्हॉल्व्ह आणायला मित्र गेला तो खिशात चुंबक घेऊन. मोबाइलवर कुणीतरी पाठवलं होतं: चुंबक चिकटला तर माल डुप्लिकेट, नाही चिकटला तर ओरिजनल. तीनही इनटेक व्हॉल्व्हना चुंबक चटकन चिकटला, म्हणून नावाजलेल्या कंपनीचा सहाचा संच परत करून तो जवळजवळ दुप्पट किमतीच्या ‘रेसिंग’ व्हॉल्व्हचा भाव विचारून आला. पैसे मोजूनमापून आणलेले. हेडचं काम, गॅस्केट, ऑइल सील, सगळं त्यातच बसवायचं होतं. त्या संध्याकाळी त्याच्याशी जे बोललो, ते जरा सविस्तर लिहितो आहे.

व्हॉल्व्ह म्हणजे एक दांडा आणि त्याच्या टोकाला छत्रीसारखं डोकं. डोक्याची तिरकी घासलेली कड हेडमधल्या कड्यावर, म्हणजे सीटवर, टेकते. दांडा हेडमधल्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, वरखाली सरकतो. इनटेकचा व्हॉल्व्ह हवा आणि इंधन आत घेतो, एक्झॉस्टचा जळलेला वायू बाहेर सोडतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य आसाच्या, दोन फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. ताशी ५० किलोमीटरच्या सरासरीने आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांनी गाडी लाखभर किलोमीटर चालली, तर एका व्हॉल्व्हने सुमारे १५ कोटी वेळा सीटवर आपटून घेतलेलं असतं. पण त्याला मारते ती आपट नव्हे, उष्णता मारते.

इनटेकचं नशीब बरं. दर खेपेला त्याच्यावरून गार हवा जाते. एक्झॉस्टच्या डोक्याला मात्र पुढून ज्वाळा आणि उघडल्यावर मागूनही तापलेला वायू. भर ओझ्यावर ते ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. अंधारात ठेवलं तर लाल दिसेल इतकं. मग ते वितळत का नाही, वाकत का नाही? कारण ही उष्णता सतत काढून घेतली जाते. माझ्या मते इंजिनातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच.

उष्णतेला निघायला दोनच वाटा. एक, डोक्याच्या कडेतून सीटमध्ये, तिथून हेडमध्ये आणि हेडमधल्या पाण्यात. दुसरी, दांड्यातून गाइडमध्ये. साधारण तीन चतुर्थांश उष्णता पहिल्या वाटेने जाते. आता ही वाट किती अरुंद आहे ते पाहा. डोकं ३० मिलिमीटर व्यासाचं धरलं तर त्याचा परीघ साधारण ९४ मिलिमीटर. सीटवर टेकणारा पट्टा दीड मिलिमीटर रुंद. म्हणजे टेकण्याची सगळी जागा १४० चौरस मिलिमीटर, हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी. एवढ्या जागेतून तापलेल्या डोक्याने आपली बहुतेक उष्णता खाली उतरवायची.

शिवाय वेळही थोडा. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक पूर्ण चक्र ४० मिलिसेकंदांचं. त्यातले सुमारे १३ मिलिसेकंद एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो, म्हणजे सीटचा स्पर्श तुटलेला. नेमका तेव्हाच गरम वायू त्याला चाटून जात असतो. उरलेल्या २७ मिलिसेकंदांत त्याने टेकायचं आणि उष्णता देऊन टाकायची. सेकंदाला २५ वेळा हे घडतं.

म्हणून त्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्याला एवढं महत्त्व. पट्टा फार अरुंद झाला तर उष्णता अडून राहते. फार रुंद झाला तर व्हॉल्व्हला सीटवर दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचा दाब जास्त जागेवर विभागला जातो, कार्बनचे कण चिरडले जात नाहीत, मध्येच अडकतात आणि व्हॉल्व्ह पूर्ण टेकत नाही. इनटेकला १ ते दीड मिलिमीटर आणि एक्झॉस्टला दीड ते २ मिलिमीटर हा रिवाज त्यातून आला.

आता गाइड झिजलं आहे असं समजा. दांडा डुलतो, डोकं तिरकं टेकतं. एका बाजूला स्पर्श घट्ट, समोरच्या बाजूला केसाएवढी फट. ज्वलनाच्या वेळी प्रचंड दाबाखालचा वायू त्या फटीतून झोताने निसटतो. कडेच्या त्या भागाला गार व्हायला सीट मिळत नाही आणि वरून झोत. तो भाग आणखी तापतो, त्याचं भस्म होऊन उडतं, फट वाढते, झोत वाढतो. एकदा सुरुवात झाली की हे आपोआप वाढत जातं. मित्राच्या व्हॉल्व्हची खाच अशीच पडली होती. म्हणून जळालेला व्हॉल्व्ह पाहिला की मी आधी त्याच्या गाइडकडे बघतो.

आता चुंबकाकडे येऊ. इंडक्शनची शेगडी घरात आली तेव्हा अनेकांना कळलं की आपली निम्मी स्टीलची भांडी तिच्यावर चालत नाहीत. ज्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, ते या शेगडीवर तापत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं पोलाद त्याच जातकुळीचं. साध्या लोखंडातले अणू अशा घनाच्या मांडणीत असतात की कोपऱ्यांवर एकेक आणि पोटात मधोमध एक. क्रोमियम, मँगनीज, निकेल आणि नायट्रोजन योग्य प्रमाणात मिसळले की ही मांडणी बदलते. पोटातला अणू जातो आणि घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर एक अणू येतो. या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. तिच्यात अणूंचे चुंबकीय कल एका दिशेला लागत नाहीत, म्हणून चुंबक चिकटत नाही.

व्हॉल्व्ह बनवणाऱ्याला चुंबकाशी काहीच देणंघेणं नाही. त्याला हवा असतो या रचनेचा दुसरा गुण. तिच्यात अणू जास्त दाटीने बसलेले असतात, त्यामुळे तापल्यावर त्यांना जागा सोडून सरकणं अवघड जातं. धातू तापलेल्या अवस्थेत ताणाखाली हळूहळू लांबतो, त्याला क्रीप म्हणतात. ही दाटी तो क्रीप रोखते. कडक केलेलं साधं मिश्रपोलाद ६०० अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, ऑस्टेनाइट ८००च्या आसपासही ताकद धरून राहतो. एक्झॉस्टसाठी सर्वत्र वापरलं जाणारं पोलाद २१-४एन नावाने ओळखतात. त्यात २१ टक्के क्रोमियम, सुमारे ४ टक्के निकेल, ९ टक्के मँगनीज आणि थोडा नायट्रोजन.

या पोलादाचा एक दोष आहे. ते उष्णतेचं वाईट वाहक आहे, साध्या पोलादाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा तळ लावतात तो याच कारणाने. ते प्रसरणही जास्त पावतं. १०० मिलिमीटरचा दांडा ३०० अंशांनी तापला तर साध्या व्हॉल्व्ह-पोलादात तो सुमारे ०.४ मिलिमीटर वाढेल, ऑस्टेनायटिकमध्ये ०.५ मिलिमीटरहून जास्त. आणि गाइडमध्ये घासण्याला ते फारसं टिकत नाही. म्हणून कारखान्यात पुष्कळदा दोन पोलादं घर्षणाने जोडतात: डोकं २१-४एनचं आणि दांडा क्रोमियम-सिलिकॉनच्या कडक, चुंबकीय पोलादाचा. इनटेकला एवढा ताप नसतोच, म्हणून तो सबंध व्हॉल्व्ह बहुधा त्या चुंबकीय पोलादाचाच.

म्हणजे चांगल्या इनटेक व्हॉल्व्हला चुंबक चिकटायलाच हवा होता. एक्झॉस्टच्या डोक्याला तो चिकटू नये आणि दांड्याला चिकटला तर त्यात वावगं काही नाही. डोक्याला चिकटला तर संशय घ्यावा. न चिकटला म्हणून माल उत्तम हेही ठरत नाही. भांड्यांच्या पुष्कळशा स्टीललाही चुंबक चिकटत नाही, पण म्हणून त्याचा व्हॉल्व्ह कुणी करणार नाही. मित्राने परत केलेला संच अगदी योग्य होता.

चुंबकाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. पेट्रोलच्या पाइपवर बसवायची चुंबकं विकली जातात. त्याने म्हणे इंधनाचे रेणू ‘सरळ’ होतात आणि मायलेज वाढतं. पेट्रोलचे रेणू चुंबकाला अतिशय क्षीण प्रतिसाद देतात आणि तोही दूर सारण्याचा. चुंबकापासून पुढे गेले की त्यांना त्याची आठवण राहत नाही. त्या पैशात एक चांगला व्हॉल्व्ह येतो. ‘रेसिंग’ व्हॉल्व्हचंही तसंच. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह पोलादाच्या सुमारे ५७ टक्के वजनाचा, म्हणून खूप वरच्या फेऱ्यांच्या इंजिनाला तो शोभतो. पोकळ दांड्यात सोडियम भरलेला व्हॉल्व्ह १९२०च्या दशकात इंजिनिअर सॅम हेरॉन यांनी विमानांच्या इंजिनांसाठी आणला. सोडियम ९८ अंशांना वितळतो, दांड्यात हिंदकळत डोक्याची उष्णता वर नेतो. कल्पना अप्रतिम आहे, पण ७९६ सीसीच्या, बाजारहाट करणाऱ्या गाडीला तिची गरज नाही.

मग पैसे कुठे घालायचे? आधी जुन्या सहा व्हॉल्व्हना मोजलं. मायक्रोमीटरने दांड्याची जाडी तीन ठिकाणी घेतली: न झिजलेल्या भागापेक्षा ०.०५ मिलिमीटर कमी भरला तर बाद. काचेवर दांडा लोळवला. डोकं झोकांड्या खात फिरलं तर वाकलेला. मग कडेची जाडी. तिरक्या पट्ट्याच्या खाली जी सरळ उभी कड उरते, ती एक्झॉस्टला १ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पातळ कड निखाऱ्यासारखी लाल राहते आणि ठिणगीच्या आधीच इंधन पेटवते. तीनही इनटेक या परीक्षांत उतरले. ते साफ करून, पट्टा घासून पुन्हा वापरायचे ठरलं. एक्झॉस्ट मात्र तीनही नवे. जळालेला एक होता, पण उरलेल्या दोघांच्या कडा पातळ झाल्या होत्या. भारतात राणे, श्रीराम पिस्टन्स यांसारख्या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना व्हॉल्व्ह पुरवतात आणि सुट्या भागांच्या बाजारातही विकतात. अशा खोक्यातला व्हॉल्व्ह घ्यावा. बिनबिलाचा, नाव नसलेला घेऊ नये.

वाचलेले पैसे गाइड आणि सीटवर खर्च केले. इथे क्रम महत्त्वाचा. सीट कापायचं हत्यार गाइडच्या भोकात खुंटी घालून उभं करतात, म्हणजे सीटचं केंद्र गाइडवरून ठरतं. आधी गाइड बदलायचं, त्याचं भोक मापाला आणणारा रीमर फिरवायचा, मगच सीट कापायची. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीचं हेड एका वर्कशॉपमध्ये दिलं होतं. त्यांनी झिजलेल्या गाइडवरच सीट कापली, नंतर गाइड बदललं. व्हॉल्व्ह नवे होते, चांगले होते आणि सहा महिन्यांत एक जळाला. व्हॉल्व्हला दोष देत मी दुकानदाराशी भांडलो, हे आजही सलतं.

सीएनजीमुळे आणखी एक भर घालावी लागते. पेट्रोलमध्ये पूर्वी शिसं असे. ते विषारी, म्हणून १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोलच मिळू लागलं, आणि ते चांगलंच झालं. पण त्या शिशाच्या संयुगांचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये उशीसारखा राहायचा. आजच्या पेट्रोलच्या ज्वलनातूनही थोडाफार थर बसतो. सीएनजी कोरडा आणि स्वच्छ जळतो, मध्ये काहीच उरत नाही. धातूला धातू भिडतो, सूक्ष्म ठिपके एकमेकांना चिकटतात, उपटले जातात आणि सीट झिजत जाते. म्हणून अशा गाडीला कडक सीट हवी. या हेडच्या एक्झॉस्टच्या तीनही सीट बदलल्या.

सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली मोकळी जागा, कमी होते. आवाज कमी होतो आणि मालक खूश होतो. ही शांतताच घातक. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसेनासा होतो आणि वर सांगितलेला झोत सुरू होतो. थोडे वाजणारे टॅपेट मला चालतात. सीएनजीवरच्या जुन्या गाडीचे टॅपेट अचानक गप्प झाले तर मी त्याच दिवशी फट मोजायचं फीलर गेज काढतो.

हेड तयार झाल्यावर मेस्त्रींनी ते उलटं ठेवलं, प्लग घट्ट बसवले आणि गळती पाहायला तीनही चेंबर रॉकेलने भरले. चहा घेऊन आलो तेव्हा पहिल्या आणि तिसऱ्याचे पोर्ट, म्हणजे व्हॉल्व्हमागच्या वाटा, कोरडे होते. मधल्याच्या एक्झॉस्टमध्ये बोट फिरवलं तर ओल लागली. मेस्त्रींनी काही न बोलता स्प्रिंग उतरवली, व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायच्या पेस्टचा डबा उघडला आणि तो व्हॉल्व्ह तळहातांच्या मध्ये काठी धरून पुन्हा घुसळायला घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तेव्हा तिन्ही चेंबरमध्ये रॉकेलची पातळी सारखी होती.