'वाचलंय की' आणि 'येतंय' ह्यात लई फरक असतोय

खिशात वीसची नवी नोट असली तर काढू नका, आधी सांगा मागच्या बाजूला चित्र कशाचं आहे. परवा राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर चौघांना विचारलं, एकाला पण सांगता येईना, आणि नोट उलटी करून दाखवली तर सगळेच "हां हां वेरूळची लेणी, माहिती होतं की!" रोज हातातनं जाणारी नोट, माहिती होतं तर मग तोंडातनं का आलं नाही?

हे सुचलं भाच्यामुळं. यंदा दहावीला आहे. परवा म्हणाला, "मामा गुरुत्वाकर्षण संपलं, तीनदा वाचलंय." पुस्तक बघितलं तर पट्टणकोडोलीच्या जत्रेत भंडारा उधळल्यागत पान न पान पिवळं, हायलायटर अख्खा संपवलाय गड्यानं. म्हटलं ठेव पुस्तक बाजूला आणि ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात ते सांगणारे केप्लरचे तीन नियम सांग. पहिला आला, कक्षा लंबवर्तुळाकार आणि सूर्य एका नाभीवर. दुसरा अर्धाच आला, "समान कालावधीत समान..." पुढं गाडी बंद. तिसऱ्याला म्हणतोय, "कशाचातरी वर्ग आणि कशाचातरी घन, पान दिसतंय बघ डोळ्यासमोर, चौकटीत आहे!" चौकट दिसत होती, आतलं काय दिसत नव्हतं.

तर ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं. ओळखायला समोर काहीतरी लागतं, पान, आकृती, पर्याय, ते बघितलं की मेंदू म्हणतो हे भेटलंय आधी. आठवायला समोर काय नसतं, कोरा कागद आणि तुम्ही. आणि बोर्डाच्या पेपरात पर्याय निवडायचे प्रश्न सोडले तर बाकी सगळं लिहायलाच असतंय की.

खासबाग मैदानात कुस्ती बघायला बसलेल्या माणसाला ढाक, धोबीपछाड, कलाजंग सगळं लांबनं ओळखता येतं, पैलवानाचं कुठं चुकलं हे पण सांगतो तो. त्याला लांग घालून मातीत उतरवा मग बघू. बघून डाव ओळखता येतो, मारायला तालमीत घाम गाळायला लागतो. (आमच्या शिवाजी पेठेत असले पायरीवरचे वस्ताद गल्लोगल्ली मिळतील, मी पण त्यातलाच.)

ह्यात फसवणूक कुठं होते ते बघा. तेच पान तिसऱ्यांदा वाचताना कुठं अडखळायला होत नाही, भराभर वाचून होतं, आणि हे सोपं गेलं म्हणजे आपल्याला आलं असं वाटतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ह्याचीच परीक्षा घेतली. कॉलेजच्या पोरांच्या एका गटानं उतारा चार पाळ्यांत फक्त वाचायचा, दुसऱ्या एका गटानं पहिल्या पाळीला वाचायचा आणि मग तीनदा न बघता आठवून लिहायचं. पाच मिनिटांनी विचारलं तर नुसतं वाचणारे पुढं, त्यांना ८३ टक्के आठवलं आणि दुसऱ्यांना ७१. पण आठवड्यानं विचारलं तर सगळं उलटं, वाचणारे ४० वर घसरले आणि आठवून लिहिणारे ६१ ला. म्हणजे परीक्षेच्या दारात उभं राहून चाळलेलं आत जाईपर्यंत टिकतं, म्हणून तर ती सवय सुटत नाही.

गणितात तर हे अजून बेकार. गाईडमधलं सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळीला मान हलते, बरोबर, बरोबर, पुढची ओळ कुठनं आली ते पण कळतं, पण पहिली ओळ कुठली लिहायची हे आपल्याला कुणी विचारलेलंच नसतं, ते गाईडवाल्यानं करून ठेवलेलं असतं. मी स्वतः बारावीला असाच गाईड 'वाचून' गेलो होतो. मार्क विचारू नका.

वाचायचंच नाही असं नव्हे हां, पहिल्यांदा तर समजून वाचायलाच पाहिजे, जे डोक्यात गेलंच नाही ते आठवणार कुठनं. आणि आठवणं म्हणजे घोकंपट्टी पण नव्हे, स्वतःच्या शब्दांत आलं तरी चालतंय, व्याख्या आणि सूत्र तेवढं नेमकं पाहिजे. भाच्याला सांगितलं ते एवढंच: धडा एकदा नीट वाच, पुस्तक मिट, पाठकोऱ्या कागदावर जे येईल ते लिही, आकृती पण काढ. अडलं की लगेच पान उघडायचं नाही, जरा डोकं खाजव, मग उघड आणि सुटलेलं लाल पेननं भर. परत दुसऱ्या दिवशी, मग चारेक दिवसांनी, कारण मधे थोडं विसरायला होतं आणि ते ओढून बाहेर काढण्यातच खरी मेहनत होते. ह्याला वेळ लागतो आणि चिडचिड होते, तीन पानांत अर्ध्या गोष्टी लाल दिसतात, पोरगं म्हणतं ह्यापेक्षा वाचलेलं बरं होतं.

भाच्याचा पहिला कागद पाक लाल होता, आई बघेल म्हणून दप्तरात कोंबला त्यानं. रविवारी रंकाळ्यावर भेळ खाताना मी मुद्दाम विषय काढला नाही, तर तोच खाता खाता म्हणाला, "आवर्तकालाचा वर्ग, अंतराचा घन. सरासरी अंतर, मामा, सरासरी विसरलो होतो काल."