डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या : कोणता उपचार कुठून आला

बोटॉक्स, फिलर, लेझर, रात्रीचं क्रीम ही नावं एका दमात घेतली जातात, त्यामुळे यातलं कोणतंही निवडलं तरी चालेल असं वाटतं. पण यातला प्रत्येक उपचार वेगळ्या कामासाठी पुढे आला आणि त्याचा गुण आजही तिथेच बांधलेला आहे.

बोटॉक्सची मुळं खराब सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेत आहेत. १८२० च्या सुमारास जर्मन डॉक्टर यूस्टिनुस केर्नर यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. स्नायू लुळे पाडणारं हे विष अगदी थोड्या मात्रेत औषध ठरेल, हेही त्यांनाच सुचलं. ते प्रत्यक्षात आणलं सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी, तेही तिरळेपणासाठी. १९८९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली ती तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या विकारासाठी. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स पापण्यांसाठीच हे इंजेक्शन देत होत्या. त्यांच्या एका रुग्णाने भुवयांच्या मधेही टोचा असा आग्रह धरला, कारण त्याने तिथल्या आठ्या जात होत्या. जीन यांचे पती अॅलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा शोधनिबंध १९९२ मध्ये आला. भुवयांमधल्या आठ्यांना २००२ मध्ये मान्यता मिळाली, डोळ्यांच्या कोपऱ्यांना थेट २०१३ मध्ये.

डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो. हसताना तो आकसतो आणि वरची पातळ त्वचा दुमडते. बोटॉक्स तीन-चार महिने हे आकसणं कमी करतं, त्वचेला मात्र काहीच करत नाही. आरशासमोर मोकळं हसा, मग चेहरा सैल सोडा. रेघ पुसली गेली तर ती स्नायूची. तशीच राहिली तर ती त्वचेत उतरली आहे आणि तिथे एकट्या बोटॉक्सने फारसं भागत नाही.

त्वचेसाठीचं रात्रीचं क्रीम म्हणजे ट्रेटिनॉइन, हे मुळात मुरुमांचं मलम. ते लावणाऱ्यांची त्वचा नितळ होते, असं दिसल्यावर अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये उन्हाने जून झालेल्या त्वचेवरचे निष्कर्ष मांडले. याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर प्रयोग केले होते. या मलमाचं कौतुक करताना ते झाकून ठेवणं मला योग्य वाटत नाही. गुण यायला महिने लागतात, सुरुवातीला जळजळ होते आणि गरोदरपणात ते टाळावं लागतं.

कार्बन डायऑक्साइड लेझर कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत बनवला. नव्वदच्या दशकात त्याने त्वचेचा वरचा थर काढला जाऊ लागला. रेघा खरोखर कमी होत, पण लाली दीर्घकाळ राही आणि सावळ्या त्वचेवर डाग पडत. २००४ मध्ये मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत ठिपक्याठिपक्यांनी मारा करून मधली त्वचा शाबूत ठेवतात. डागांचा धोका कमी झाला, संपला नाही.

फिलरचं काम भर घालण्याचं, म्हणजे डोळ्याखालच्या खळग्यापुरतं. १९८१ मध्ये मान्यता मिळालेलं गाईचं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) देण्याआधी अॅलर्जीची चाचणी करावी लागे, पुढे हायल्युरॉनिक अॅसिड या शरीरातही असणाऱ्या पदार्थाच्या जेलने ती जागा घेतली. फिलर रक्तवाहिनीत शिरलं तर क्वचित दृष्टीही जाते. हायल्युरॉनिक अॅसिड विरघळवणारं हायल्युरोनिडेज क्लिनिकमध्ये हाताशी आहे का, हे सुई टोचण्याआधी विचारून घ्या.