वीरगळ ते जवान-स्मारक (कोल्हापूर परिसर)

लढाईत कामी आलेल्या माणसाची गावाने जपलेली खूण. कोल्हापूर भागात तिचे सर्वांत जुने रूप म्हणजे वीरगळ, म्हणजे वीराच्या आठवणीसाठी कोरून उभा केलेला दगड. करवीर तालुक्यातील बीड गावात असे अनेक दगड आहेत. इतर गावांतही ते देवळाच्या आवारात, वेशीपाशी दिसतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत झुंज, कधी पळवून नेलेल्या गाईगुरांसाठीची. त्यावर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा. त्याच्याही वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला वीर. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य. बहुतेकांवर लेख नसतो. वीर कोण, कुणाचा, हे गावालाही सांगता येत नाही. शेंदूर, तेल, नारळ मात्र चुकत नाही. काही दगड पायरीला किंवा भिंतीत बसवले गेले, हेही खरे.

शिवकाळात दगडापेक्षा जागाच बोलू लागली. गडहिंग्लज तालुक्यात नेसरीजवळ 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले. तेथे आज स्मारक आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याचे नेबापूर हे शिवाजी महाराजांचा वेश घेऊन मरण पत्करलेल्या शिवा काशिदांचे गाव म्हणून ओळखले जाते.

पहिल्या महायुद्धानंतर पश्चिम महाराष्ट्रातील काही गावांत संगमरवरी पाट्या लागल्या. त्यांवर मजकूर एवढाच: 1914 ते 1919 या काळात या गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि त्यांतली किती मेली. आकडा आला, नाव नाही. वीरगळावर निदान ढाल-तलवार घेतलेला माणूस तरी होता!

नाव कोरले जाऊ लागले ते स्वातंत्र्यानंतर. फौजी परंपरेमुळे शिरोळ तालुक्यातील टाकळीच्या नावालाच ‘सैनिक’ हा शब्द चिकटला. अशा गावांत शाळेजवळ किंवा ग्रामपंचायतीसमोर चौथरा, अर्धपुतळा किंवा काळ्या ग्रॅनाइटचा फलक असतो. त्यावर नाव, हुद्दा, पलटण, वीरमरणाची तारीख. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 26 जुलैच्या कारगिल विजय दिनाला माजी सैनिक जुनी पदके लावून येतात, वीरमाता-वीरपत्नींचा साडी-श्रीफळ देऊन मान होतो. उरलेले वर्षभर फलक धुण्यापुसण्याचे काम बहुधा घरच्यांकडेच.

शब्दांचा घोळ मात्र अजून सुटलेला नाही. या भागात ‘हुतात्मा’ म्हटले की जुन्या माणसांना स्वातंत्र्यलढ्यात डिसेंबर 1942 मध्ये गारगोटीच्या सरकारी कचेरीवर झालेल्या हल्ल्यात पडलेले सात जण आठवतात. वर्तमानपत्रे जवानालाही हुतात्माच लिहितात. अंत्ययात्रेतली घोषणा ‘शहीद जवान अमर रहे’ अशी असते, आणि सैन्यदलात तर ‘शहीद’ ही अधिकृत संज्ञाच नाही.