सायकलच्या फ्रेमवरचा टवका: रंगाआधीची कामं

फ्रेमवरच्या रंगाचा टवका उडाला की बहुतेक जण मिळत्याजुळत्या रंगाचा ठिपका देऊन मोकळे होतात. पावसाळा आला की त्याच ठिपक्याभोवती रंग फुगतो, नखानं टोकरलं की पोपडा निघतो आणि खाली तपकिरी भुगा दिसतो. दोष रंगाचा नसतो, रंगाखाली राहून गेलेल्या गंजाचा असतो.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. टवक्याच्या उघड्या भागाला हवा भरपूर मिळते, रंगाच्या कडेखाली कमी. ओल आली की या दोन जागांत विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो. ऑक्सिजन कमी असतो तिथलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं; जास्त असतो तिथे तेच इलेक्ट्रॉन, पाणी आणि ऑक्सिजन यांपासून हायड्रॉक्साइड तयार होतं आणि ते रंगाची पकड सैल करतं. शिवाय गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो, म्हणून रंग वर उचलला जातो. दिसतो त्यापेक्षा गंज नेहमी जास्त पसरलेला असतो, तो यामुळेच. घामातलं मीठ हा प्रवाह आणखी वाढवतं.

सोलापूरची हवा इथे फसवते. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग झपाट्यानं वाढतो. मार्च ते मेमध्ये इथली हवा त्याहून पुष्कळ कोरडी, त्यामुळे उघडा टवका आठवडेच्या आठवडे जसाच्या तसा दिसतो आणि काम पुढे ढकललं जातं. इथला जोराचा पाऊस सप्टेंबरपर्यंत चालतो. म्हणून हे काम मे संपायच्या आत उरकावं.

आधी लोहचुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर फ्रेम बहुधा अॅल्युमिनियमची. तिला तांबडा गंज चढत नाही, रंग दिला तो दिसण्यापुरता. टवके शोधायचे ते हँडलजवळ केबल घासते तिथे, चेन आपटते त्या मागच्या नळीवर, स्टँडच्या पकडीखाली आणि खडी उडते त्या खालच्या नळीच्या पोटाला.

साबणाच्या पाण्यानं धुऊन फ्रेम पूर्ण वाळू द्या. मग थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तेलकटपणा काढा. रॉकेल किंवा डिझेल नको. त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि त्यावर रंग फाटून बारीक खड्डे पडतात. फडकं जुन्या सुती बनियनचं किंवा धोतराचं घ्या. टर्किश टॉवेल सोलापुरात घरोघरी असला तरी त्याचे धागे सुटून ओल्या रंगात अडकतात.

आता खरं काम. 180 नंबरच्या पॉलिश पेपरचा छोटा तुकडा दुमडून टवका घासा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. कडेचा रंग नखाला उचलत असेल तर तोही काढा, जागा मोठी झाली तरी चालेल. नंतर 320 नंबरनं चहूबाजूंनी 5-6 मिलिमीटर रंग उतरता घासा. बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. खोल खड्ड्यात काळे ठिपके उरले तर तिथे फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक लावा. ते गंजाचं लोह फॉस्फेट करतं. हातमोजे घाला, डबीवर दिलेल्या वेळेनंतर ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं पोलाद) फ्रेमच्या नळीची भिंत मधल्या भागात मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, तेव्हा खड्डा निघेपर्यंत घासत बसू नका.

उघड्या लोखंडाला हात लावू नका आणि तासाभरात अस्तर द्या. रेड ऑक्साइड चालतो, झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळाला तर अधिक चांगला. अस्तर वगळून थेट ऑइलपेंट देणं हीच सगळ्यात महागात पडणारी काटकसर: रंगाच्या थरातून थोडी ओल आत जातेच, तिला लोखंडावर रोखायचं काम अस्तरातली द्रव्यं करतात. ज्वारीच्या दाण्याएवढ्या टवक्याला ब्रशही नको, उदबत्तीची रिकामी काडी पुरते. दोन पातळ हात द्या, मध्ये रात्रभर वाळू द्या, मग 400 नंबर हलकासा फिरवा.

रंगाची 50 मिलीची डबी अशा कित्येक टवक्यांना पुरते. दोन-तीन पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये एक रात्र. एकाच जाड हातात वरची साय वाळते, आतला रंग ओलाच राहतो आणि सुरकुत्या पडतात. ऑइलपेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा नेलपॉलिश चढवू नका, त्यातलं थिनर खालचा थर उचलतं.

मेच्या दुपारी उन्हातली नळी हाताला चटका देते. तिच्यावर रंग टेकताच थिनर उडतं आणि बुडबुडे येतात. वर वावटळीची धूळ. सकाळी सावलीत, वारा पडलेला असताना करा. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मात्र पहाटेचं दंव फ्रेमवरून उडून जाईपर्यंत थांबा.

आठवडाभर फ्रेम घासू नका, कव्हरही घालू नका. मग उंचवटा दिसत असेल तर 1500 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून फिरवा आणि रबिंग कंपाउंडनं चमक आणा. केबल घासत होती तिथे पारदर्शक चिकटपट्टी लावली नाही, तर तिथला नवा रंगही उडेल. आणि पावसात भिजलेल्या सायकलीची सीट नळीसकट काढून फ्रेम उलटी करा. आत साचलेलं पाणी क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) नळकांड्याला आतून खातं, तिथे बाहेरच्या रंगाचा काही उपयोग नाही.